पुस्तकातलं हसू सिनेमात कुठे जातं? मुलांसोबत तुलना लिहायला बसताना

एप्रिल उलटला की सोलापुरात दुपारी बारा ते पाच मुलांना घराबाहेर सोडता येत नाही. पारा चाळिशीच्या पुढे, गल्ली ओस, आणि पलीकडच्या घरातून यंत्रमागाचा खडखडाट तेवढा ऐकू येतो. ह्या पाच तासांचं काय करायचं, ह्या प्रश्नातून आमचा उन्हाळी वाचनगट सुरू झाला. आठ ते चौदा वयाची दहा-बारा मुलं, एक कूलर, एक माठ आणि भिंतीवर ताणलेली पांढरी चादर. एक विनोदी पुस्तक वाचायचं, त्यावरून निघालेला सिनेमा बघायचा आणि मग दोघांची तुलना दोन पानांत लिहायची. हे काम पहिल्यांदा हाती घेणाऱ्या शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी, तसंच स्वतःच लिहू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी, आम्ही ते कसं करतो ते इथे सांगते.

नवखं माणूस तुलनेला बसलं की आधी वजाबाकी करतं. हा प्रसंग गाळला, हे पात्र नवीन घातलं, शेवट बदलला. खाली निकाल: पुस्तक बरं की सिनेमा बरा. अशी यादी करायला हरकत नाही, पण ती झाली म्हणजे तुलना झाली असं समजू नका. विनोदी पुस्तकाच्या बाबतीत मला एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. वाचताना जे हसू आलं ते कशामुळे आलं, आणि पडद्यावर ते कुठे गेलं? कधी ते जागच्या जागी असतं, कधी भलत्याच माणसाच्या तोंडी गेलेलं असतं, कधी वाटेतच सांडतं. ते शोधायला बसलात की बाकीच्या गोष्टी आपोआप सापडत जातात.

पहिलं काम: जोडी निवडा

आम्ही सुट्टीवरचंच पुस्तक घेतलं, कारण मुलं स्वतः सुट्टीत असतात. रने गोसिनी ह्यांनी लिहिलेलं आणि जाँ-जाक साँपे ह्यांनी चित्रं काढलेलं ‘ले वाकांस द्यु पती निकोला’, म्हणजे ‘छोट्या निकोलाची सुट्टी’. मूळ फ्रेंच पुस्तक १९६२ चं. गोसिनी म्हणजे ‘अ‍ॅस्टेरिक्स’ ह्या चित्रकथांचे लेखक, हे सांगितलं की मोठ्या मुलांचे कान टवकारतात. अँथिया बेल ह्यांनी दोन्हींचे इंग्रजी अनुवाद केलेत. आम्ही निकोला त्यांच्या इंग्रजीतून वाचतो आणि लहानांसाठी मी तोंडी मराठी करत जाते. पुस्तकावरचा चित्रपट २०१४ मध्ये आला, दिग्दर्शक लोराँ तिरार. त्यांनीच २००९ मध्ये निकोलाचा पहिला चित्रपट केला होता.

फ्रेंच नको असेल तर मराठीत जोड्या आहेत. दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ आधी आकाशवाणीवर, मग पुस्तकात आणि २००९ मध्ये पडद्यावर आला. भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ २०१७ मध्ये सिनेमात आला. ही दुसरी जोडी जरा मोठ्या मुलांना द्या, का ते पुढे येईलच. पुस्तक निवडताना मी एवढंच पाहते की ते सुट्या सुट्या गोष्टींचं असावं आणि शक्यतो मुलानेच सांगितलेलं असावं.

दुसरं काम: पुस्तक आधी, आणि मोठ्याने

एका वर्षी दिवस कमी होते म्हणून मी सिनेमा आधी दाखवला. पुढचा सगळा आठवडा वाया गेला. पुस्तक उघडलं तरी मुलांच्या डोळ्यांपुढे पडद्यावरचाच मुलगा. ओळ वाचायच्या आधीच कोणीतरी म्हणायचं, “हे माहितीय, पुढं काय होतं ते सांगू?” तेव्हापासून क्रम पक्का: पुस्तक पूर्ण झाल्याशिवाय चादर ताणायची नाही.

मोठ्याने वाचायचं कारण वेगळं आहे. गोष्टी छोटा निकोला स्वतःच सांगतो, आणि तो ज्या पद्धतीने बोलतो त्यातच गंमत आहे. वाक्य संपतच नाही. आणि मग असं झालं, आणि मग तो म्हणाला, आणि मग मी म्हणालो. शाळेतून धावत आलेलं मूल दप्तर न काढता सांगतं ना, तसं. मनात वाचलं की डोळा ह्या वाक्यांवरून घसरत जातो आणि फक्त घटना हाती लागते. मोठ्याने वाचलं की सांगणाऱ्याचा दम लागलेला ऐकू येतो.

सोलापुरात ह्याचा एक जादा फायदा मिळतो. आमच्या गटात घरी तेलुगू बोलणारी मुलं आहेत, कन्नड बोलणारी आहेत. गोष्ट वाचून झाली की तीच गोष्ट घरच्या भाषेत एकदा सांगायला लावते. ज्याला समजत नाही तोही ऐकतो, आणि नेमका कुठे सूर चढला, कुठे सगळी फसकन हसली ते त्याला कळतं. हसण्याची जागा शब्दात आहे, घटनेत आहे की सांगणाऱ्याच्या आवाजात, हे ओळखायची ह्याहून सोपी रीत मला सापडलेली नाही.

तिसरं काम: जिथे हसलात तिथे पेन्सिल टेका

वहीत तीन रकाने आखायला सांगा. पहिल्यात लिहायचं, सांगणाऱ्याला काय वाटतंय. दुसऱ्यात, खरं काय घडतंय. तिसऱ्यात, आपल्याला ते कशावरून कळलं. गोष्टीचा सारांश कुठेच नको. हे तीन रकाने भरले की अर्धी तुलना झालीच, म्हणून इथे घाई करू नका. आम्ही ह्यावर तीन दुपारी घालवतो.

एक गोष्ट जवळून दाखवते. निकोला आई-बाबांबरोबर समुद्रकाठच्या हॉटेलात उतरलाय. वाळूत नवे मित्र मिळालेत. सगळे मिळून वाळूत एक भलामोठा खड्डा खणतात. मग एक टोपीवाला गृहस्थ येतो आणि विचारतो, हा खड्डा खणायची परवानगी कोणी दिली? सगळी पोरं निकोलाच्या बाबांकडे बोट दाखवतात. निकोलाची छाती अभिमानाने फुगते, कारण हा माणूस आता बाबांचं अभिनंदन करणार अशी त्याची खात्री आहे. गृहस्थ मात्र संतापलेला. कोणाचा पाय मोडला तर? बाबांना खड्डा बुजवावा लागतो.

ही गोष्ट वाचून झाल्यावर आमच्याकडे दोन क्षण शांतता होती. मग अशोक चौकाच्या बाजूने येणारी एक दहा वर्षांची मुलगी एकदम म्हणाली, “बाप खड्डा बुजवालाय आन् ह्याला वाटालंय सत्कार होणार!” आणि मग सगळी लोळून लोळून हसली.

तिच्या त्या एका वाक्यात तीनही रकाने भरले होते. निकोला विनोद करतच नाही. तो अगदी मनापासून, खरं तेच सांगतोय. हसू आहे ते त्याला वाटलेल्यात आणि आपल्याला कळलेल्यात जे अंतर पडलंय, त्या अंतरात. टोपीवाला चिडलाय हे आपल्याला आधीच कळतं, निकोलाला नंतर. मधले ते दोन-तीन क्षण म्हणजे ह्या पुस्तकाचा सगळा ऐवज.

मुलांना हे तत्त्व म्हणून सांगू नका. त्यांच्या अनुभवातलं काढा. पुस्तकातल्या पहिल्याच गोष्टीचं नाव ‘बाबा ठरवतात’ अशा अर्थाचं आहे. सुट्टीत कुठे जायचं ते बाबा ठरवतात, आणि शेवटी होतं मात्र आईच्या मनासारखं. आमच्या मुलांना हे समजवावं लागलं नाही. “आमच्यात पण पप्पाच ठरवतात,” एक मुलगा म्हणाला, “मग आम्ही आज्जीकडंच जातो.” तो हे गंभीरपणे म्हणाला होता. ते वाक्य तसंच्या तसं फळ्यावर लिहिलं आणि तीन रकाने त्याच्यावरच भरले.

चौथं काम: सिनेमा दोनदा

मोठ्यांनी आधी एकट्याने बघून घ्यावा. ह्या सिनेमात मोठ्यांसाठी घातलेल्या गमती बऱ्याच आहेत. कुठे थांबवायचं, कुठे पुढे न्यायचं, ते आधीच ठरलेलं बरं.

भाषा फ्रेंच, खाली इंग्रजी ओळी. आठ वर्षांचं पोर त्या ओळी वाचू शकत नाही आणि वाचत बसलं तर चित्र हुकतं. आम्ही मोठ्या मुलांपैकी दोघांना आळीपाळीने मराठीत बोलायला बसवतो. ती मुलं सुरुवातीला शब्दाला शब्द लावतात, मग अर्ध्या तासात बोलायला लागतात. पहिल्या वेळी मध्ये थांबवायचं नाही, वहीही उघडायची नाही. सिनेमा आधी सिनेमा म्हणून बघू द्या. त्याची स्वतःची मजा आहे, आणि ती न घेता नुसता दोष शोधत बसलेला समीक्षक मला आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी एकच प्रसंग निवडायचा, चार-पाच मिनिटांचा. तो आवाज बंद करून बघायचा. मग चित्र झाकून नुसता ऐकायचा. मग नेहमीसारखा. ह्यातून मुलांना कळतं की सिनेमात हसवायची साधनं वेगळी आहेत: चेहरा, पडणं-धडपडणं, संगीत आणि एका दृश्यावरून दुसऱ्यावर नेमक्या क्षणी मारलेली उडी. ह्यातलं एकही पुस्तकापाशी नाही.

पाचवं काम: कोण कोणाला बघतंय ते विचारा

तुलनेचा गाभा हाच, म्हणून इथे थांबते.

पुस्तकात निकोला बाहेर बघतो आणि आपण त्याच्या डोळ्यांनी बघतो. सिनेमात आपण निकोलाला बघतो. कॅमेरा लावला की टोपीवाल्याचा संतापलेला चेहरा आणि निकोलाचा फुललेला चेहरा एकाच वेळी समोर येतात. जे अंतर वाचकाने स्वतः भरायचं होतं ते पडद्यावर भरूनच मिळतं. त्यामुळे हसू येतं, पण वेगळ्या जातीचं. पुस्तकात आपण हुशार ठरतो, सिनेमात प्रेक्षक असतो. दिग्दर्शकाची ही चूक नाही. पडद्यावर बाप दाखवायचा तर त्याला तोंड द्यावंच लागतं.

आणि बापाला तोंड दिलं की ते तोंड कोणाचं हा प्रश्न येतो. इथे वडील काद मेराद आणि आई व्हॅलेरी लमेर्सिए. दोघेही फ्रान्समधले कसलेले विनोदी नट. असे दोघे हाताशी असताना त्यांना कोपऱ्यात कोण बसवेल? पुस्तकात आई-बाबा निकोलाच्या बोलण्यातून जेवढे निसटतात तेवढेच दिसतात. सिनेमात त्यांचा स्वतःचा संसार उभा राहतो, अगदी आईला सिनेमात घ्यायची स्वप्नं बघणाऱ्या निर्मात्यापर्यंत. शिवाय आजीलाही सोबत घेतलंय. पुस्तकात ह्या सुट्टीत आजी बरोबर नसते. जावई आणि सासू एका गाडीत बसले की पुढचं कोणी सांगायला नको.

भर का घातली हे मुलांना शोधायला लावा. ‘घातली’ एवढं लिहून थांबलेली वही मी परत देते. पुस्तक आहे छोट्या छोट्या गोष्टींचं. एक संपली, दुसरी सुरू. झोपताना एक वाचली तरी चालतं. दीड तासाच्या सिनेमाला मात्र एक धागा लागतो, नाहीतर अर्ध्या तासात माणूस उठून पाणी प्यायला जातं. म्हणून तिरार इझाबेल नावाची मुलगी आणतात. ती निकोलाकडे डोळे मोठे करून बघत राहते, आणि आपले आई-बाबा हिच्याशी आपलं लग्न लावणार असा निकोलाचा पक्का समज होतो. आता हा समज म्हणजे काय? तेच अंतर! मुलाला वाटतं एक, खरं असतं दुसरं. पुस्तकात जे पाना-पानावर चिमटीने पेरलं होतं ते इथे एका मोठ्या गैरसमजात एकत्र बांधलं. मला स्वतःला हा उपाय हुशारीचा वाटतो. फक्त चिमटीची चव गाठोड्याला येत नाही.

गाळलेल्यातलं एकच बघा, पण नीट बघा. पुस्तकाच्या दुसऱ्या भागात निकोला आई-बाबांशिवाय, पहिल्यांदाच एकटा, मुलांच्या सुट्टीतल्या छावणीला जातो. सिनेमा समुद्रकाठच्या ‘बो रिव्हाज’ हॉटेलातच राहतो. ह्याने काय गेलं? रेल्वे स्टेशनवरचा निरोप गेला. मूल जायला उत्सुक, आई-बाप अस्वस्थ, आणि ती अस्वस्थता मुलाच्या बोलण्यातून आपल्याला कळते. आपल्याकडे मे महिन्यात सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या डब्याबाहेर उभं राहून बघा. खिडकीच्या आत पोर, बाहेर आई. शेंगाचटणीची पुडी दिली का, पाणी घेतलं का, पोचल्यावर फोन कर. आणि पोर म्हणतं, “जा ना आता तू.” छावणीचा भाग वाचताना आमच्या गटातली मोठी मुलं हसली आणि लहान दोघं गप्प झाली. त्या गप्प बसण्याची नोंदही वहीत हवी.

मुलाचं वय आणि चित्रातलं मूल

साँपेंच्या चित्रांत मुलं इवलीशी असतात आणि भोवती भरपूर मोकळी जागा. थोड्याशा काळ्या रेघा, बाकी कागद. चित्रातलं मूल मोठं होत नाही. नट मात्र होतो. २००९ च्या सिनेमातला निकोला पाच वर्षांत मोठा झाला, म्हणून २०१४ मध्ये मातेओ ब्वासेलिए हा नवा मुलगा आला. आई-बाबा तेच राहिले. मुलांना ही गोष्ट सांगितली की ती आपापली जुनी शर्टं आठवतात.

‘फास्टर फेणे’ इथे कामी येतो. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा शाळकरी पोरगा. सिनेमात दिग्दर्शक आदित्य सरपोतदारांनी त्याला तरुण केला, भूमिका अमेय वाघची, आणि हाती प्रवेशपरीक्षेच्या घोटाळ्याचं प्रकरण दिलं. वाचकच मोठे झाले होते, त्यांच्याबरोबर नायकालाही वाढवला. शिवाय दिलीप प्रभावळकरांच्या रूपात खुद्द भागवतच सिनेमात वावरतात. वय बदललं की त्याच्या तोंडच्या ‘टॉक्’चा अर्थ बदलतो का, एवढ्या एका प्रश्नावर नववीतला मुलगा दोन पानं सहज लिहितो.

आता लिहायचं

पहिलं वाक्य तुमच्या हसण्याचं असू द्या. “मी इथे हसलो.” लेखक-दिग्दर्शकांची माहिती तिसऱ्या-चौथ्या वाक्यात आली तरी चालते. मग पुस्तकातला तो एक प्रसंग, स्वतःच्या शब्दांत, पाच-सहा ओळींत. मग सिनेमातला त्याच्या जवळचा प्रसंग. तोच नसेल तर त्याच जातीचा शोधा, जिथे मुलाला एक वाटतं आणि घडतं दुसरं. मग हसू कुठून कुठे गेलं ते लिहा. काय बदललं आणि का बदललं असावं हे एकाच परिच्छेदात येऊ द्या, नाहीतर पुन्हा यादी होते.

मत द्यायचंच. ‘दोन्ही आपापल्या जागी छान’ असं लिहून सुटका करून घेऊ नका. पण मत एका प्रसंगावर टेकवा. “सिनेमात आजी आवडली, कारण ती आली की बाबा निकोलापेक्षा लहान दिसतात,” हे एका सातवीतल्या मुलीने लिहिलं होतं. तिच्या दोन पानांतली हीच ओळ मी सगळ्यांना वाचून दाखवली.

उसनी विशेषणं खोडा: धमाल, मनोरंजक, निखळ. खोडल्यावर रिकामी जागा उरली तर तिथे काय पाहिलं ते लिहा.

शेवटचा उद्योग: स्वतः करून बघा

वेळ उरला तर मुलांच्या हाती मोबाईल द्या आणि एक गोष्ट चित्रित करायला सांगा. तीन मिनिटं, त्याहून जास्त नाही. दिग्दर्शकाला भर का घालावी लागते हे सांगून कळत नाही, करून कळतं.

मागच्या वर्षी चार जणांनी खड्ड्याची गोष्ट घेतली. समुद्र नाही, म्हणून एकाच्या घरामागे बांधकामासाठी पडलेली वाळू. टोपी मिळाली, फावडं मिळालं, बाबा व्हायला एकाचे काका तयार झाले. पहिल्या खेपेला त्यांनी सगळ्यांचे चेहरे घेतले आणि बघून नाराज झाले. हसूच येईना. टोपीवाला चिडलाय हे सगळ्यांनाच दिसत होतं. मग अशोक चौकाकडून येणाऱ्या त्या मुलीने मोबाईल पोराच्या छातीच्या उंचीवर धरला. दुसऱ्या खेपेत मोठ्यांची तोंडं दिसतच नाहीत. टोपीवाल्याचे बूट आणि विजारीचा काठ, बाकी सगळा वेळ मुलाचा चेहरा. तो हसरा, वाट बघणारा. आणि मागून आवाज येतोय फावड्याचा, वाळू परत खड्ड्यात पडत असल्याचा.